साठ कबरी आणि लॉजची वही

डिसेंबरात दोन रात्रींसाठी आम्ही दोघं विजापूरला जाऊन आलो. (2014 पासून सरकारी नाव विजयपुरा, पण आपल्याकडे तोंडात अजून विजापूरच.) लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आणि मुलं, सासूबाई, पाहुणे यांच्याशिवायचा हा आमचा दुसराच प्रवास. निघण्याआधी मी घरात काय काय करून ठेवलं ते लिहीत नाही, तुम्हां सगळ्यांना ते पाठ आहे. दोन दिवसांच्या सुट्टीसाठी मी चार दिवस राबले, त्याने बॅग उचलली. असो. ते भांडण घरचं आहे.

इथे मला भांडायचं आहे ते गाईडशी, आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपणा सर्वांशी.

गोल घुमटाखाली महंमद आदिलशहाची कबर आहे. शेजारी त्याच्या बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा. वरच्या सज्जात कुजबूज केली तरी पलीकडे ऐकू येते. तिथे गाईड सांगतो की, बादशहाने रंभेला म्हटलं, माझ्यावर खरं प्रेम असेल तर इथून उडी मार. आणि तिने मारली. आमच्या घोळक्यातला एक जण बायकोकडे बघून म्हणाला, "बघ, याला म्हणतात प्रेम!" सगळे हसले. तीही हसली.

दंतकथा आहे, मान्य. पण मैत्रिणींनो, बाईच्या प्रेमाखातर बादशहाने उडी घेतल्याची दंतकथा कुठल्या घुमटाखाली ऐकलीत का? दंतकथा आपोआप टिकत नाहीत, कुणाला तरी त्या हव्या असतात.

दुसऱ्या दिवशी मी 'साठ कबर' बघायचा हट्ट धरला. रिक्षावाला म्हणाला, "तिथं काय नाही बघायला, मॅडम." शहराबाहेर एका चौथऱ्यावर एकसारख्या कबरींच्या रांगा. 1659 साली शिवाजी महाराजांवर चालून जाण्याआधी अफझलखानाला ज्योतिषाने सांगितलं की तू परत येणार नाहीस. म्हणून आपल्यामागे त्या दुसऱ्याच्या हाती लागू नयेत यासाठी त्याने आपल्या बायकांना मारलं, अशी आख्यायिका. एक पळाली होती म्हणे. तिलाही पकडून आणून मारलं. मी पाहिलेल्या एकाही कबरीवर नाव दिसलं नाही.

नवरा म्हणाला, "अगं, अफझलखानच तो. त्याच्याकडून काय अपेक्षा करणार?"

इथेच माझं डोकं फिरलं. खानावर ढकललं की आपण सुटलो! "दुसऱ्याच्या हाती लागू नये" हे वाक्य काय फक्त खानाचं आहे? जोहाराला आपण हात जोडतो. 1987 साली देवराळ्यात रूपकंवर चितेवर जळाली तेव्हा चुनरी महोत्सवाला हजारोंची गर्दी लोटली. घटस्फोट मागणाऱ्या बायकोला भोसकणारा नवरा आजही पोलिसांना तेच वाक्य सांगतो. तिथे मरणारी पतिव्रता आणि इथे मारणारा राक्षस, ही वाटणी कुणाच्या सोयीची?

याच शहरात 1580 नंतर चांदबिबीने अल्पवयीन राजाच्या नावाने कारभार पाहिला, पुढे 1595–96 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला. गाईडने तिला एक वाक्य दिलं, आणि तेही ती घोड्यावर किती सुंदर दिसे याबद्दल. रंभेला त्याने दहा मिनिटं दिली होती!

नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सुट्टीवर आलोय आपण." मी म्हटलं, "अरे, मीसुद्धा."

निघताना लॉजच्या काउंटरवर वही उघडी होती. आल्या आल्या दोघांची आधारकार्डं घेतली होती, झेरॉक्सही काढल्या होत्या. वहीत त्याचं पूर्ण नाव, वय, पत्ता, व्यवसाय. खाली 'सोबत पत्नी'. मी पेन मागितलं. मॅनेजर अगदी अदबीने म्हणाला, "लेडीजचं नाव लागत नाही, मॅडम." मी लिहिलं. रकाना अरुंद होता, म्हणून आडनाव समासात गेलं.