गाडीवानांचे संगीत

1836 साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे मिखाईल ग्लिंका या संगीतकाराची एक संगीतिका रंगभूमीवर आली. तीत खेडुतांच्या गाण्यांचा बाज ओळखून काही सरदारांनी नाके मुरडली. हे तर गाडीवानांचे संगीत, असे ते म्हणाले! ग्लिंका डगमगला नाही. धन्यांपेक्षा गाडीवानच अधिक मोलाचे, असे त्याचे मत होते.

पुढे चायकोव्हस्कीने बहिणीच्या गावी एका साध्या कारागिराच्या तोंडची चाल टिपून घेतली आणि 1871 साली चार तंतुवाद्यांच्या रचनेत ती गुंफली. 1876 साली मॉस्कोत ती ऐकताना शेजारी बसलेल्या टॉलस्टॉयच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. त्या कारागिराला याची वार्ताही नसेल.

मुलांनो, आपल्या वाशीम जिल्ह्यातही असे धन आहे. मानोऱ्याकडील तांड्यांत होळीला बंजारा स्त्रीपुरुष फेर धरून लेंगी गातात. कित्येक आज्यांना जात्यावरच्या ओव्या अजून पाठ आहेत. या गाण्यांना काय किंमत, असे विचारणारे सरदार आपल्यातही आहेत; मला त्यांचे म्हणणे मुळीच पटत नाही. परंतु पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि ओवी म्हणावयास निमित्तच उरले नाही. चायकोव्हस्कीला स्वर कागदावर उतरविता येत होते; आपल्यापैकी बहुतेकांना ते येत नाही. म्हणून येत्या सुट्टीत आजीजवळ बसा, शब्द लिहून घ्या, आणि मग वही मिटून तिच्याबरोबर गा.