उत्तर सेंटिनेलकडे होड्या वळवू नका
ख्रिस्ती मंडळ्यांना जाहीर आवाहन



नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण बायबल घेऊन अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर उतरला आणि तिथल्या लोकांच्या हातून मारला गेला. तेव्हापासून आपल्यातलेच काही जण त्याला रक्तसाक्षी म्हणतात, तरुणांपुढे त्याचं उदाहरण ठेवतात, त्याच्यासारखे आणखी उठोत म्हणून प्रार्थना करतात. या प्रार्थनेला आम्ही आमेन म्हणणार नाही. का, ते सांगायला हे पत्रक काढलं आहे.

आधी घडलं काय ते पाहा. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमानुसार त्या बेटाच्या आसपास फिरकायला बंदी आहे. चाऊने पंचवीस हजार रुपये देऊन मच्छीमार गाठले आणि रात्री गस्त चुकवून बेट जवळ केलं. सोबत भेट म्हणून मासे, कात्री, फुटबॉल. किनाऱ्यापाशी जाऊन तो इंग्रजीत ओरडून सांगत राहिला की येशूचं तुमच्यावर प्रेम आहे. बेटाबाहेरच्या एकाही माणसाला त्या लोकांची भाषा येत नाही आणि त्यांना आपली कुणाची येत नाही. एका मुलाने बाण सोडला. तो चाऊच्या हातातल्या बायबलात रुतला. एवढं झाल्यावरही तो पुन्हा गेला, आणि परत आला नाही. त्याला नेणारे मच्छीमार मात्र अटकेत गेले. हातावर पोट असलेल्या माणसांना पैसे देऊन कायदा मोडायला लावणं हे सुवार्तेचं काम कसं होईल?

आता त्या बेटाची बाजू ऐका. १८८० मध्ये मॉरिस पोर्टमन हा इंग्रज अधिकारी तिथे उतरला आणि एक म्हातारं जोडपं व चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला घेऊन आला. सगळे आजारी पडले. म्हातारा-म्हातारी मेली. मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडून दिलं. ती मुलं आपल्याबरोबर कोणता रोग घेऊन गेली आणि त्या रोगाने किती माणसं नेली, हे कुणी मोजलं नाही. ज्यांच्या पूर्वजांना असं पळवलं त्यांनी किनाऱ्यावर धनुष्य घेऊन उभं राहायचं नाही, तर काय करायचं?

शेजारच्या ग्रेट अंदमानी लोकांचं काय झालं तेही डोळ्यांपुढे आहे. १८५८ मध्ये काळ्या पाण्याची वसाहत झाली तेव्हा ते काही हजार होते. रॉस बेटावर पाद्री हेन्री कॉर्बिन यांनी ‘अंदमान होम’ चालवलं, त्यांना इंग्रजी आणि शिस्त शिकवायचा घाट घातला. १८७७ मध्ये गोवर आला. १९०१ च्या जनगणनेत ६२५ माणसं उरली होती, १९६१ मध्ये १९. अंदमान म्हटलं की मराठी माणसाला सेल्युलर जेल आठवतं. त्याच मातीत संपलेली ही माणसं मात्र कुणाला आठवत नाहीत. त्यांच्या विनाशात आपल्या धर्माचा झगा घातलेला माणूसही होता, हे ख्रिस्ती म्हणवणाऱ्याने तरी विसरता कामा नये.

आम्ही मिशनच्या विरोधात नाही. याच द्वीपसमूहात कार निकोबार आहे. तिथे वेदप्पन सॉलोमन हे तमिळ प्रचारक गेले, राहिले, मुलांना शिकवलं. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक निकोबारी मुलगा पुढे मंडालेला शिकून गावी परतला. तेच बिशप जॉन रिचर्डसन. त्यांनी आपल्या लोकांच्या भाषेत नवा करार आणला, जपान्यांच्या ताब्यात बेट असताना तुरुंग भोगला, आणि पहिल्या लोकसभेत ते अंदमान-निकोबारचे प्रतिनिधी म्हणून बसले. तिथे पुस्तक आलं ते घरच्या माणसाच्या हातून.

मिझोराममध्ये लॉरेन आणि सॅव्हिज हे दोघे १८९४ मध्ये पोचले. त्याआधी सरकारची परवानगी मिळेपर्यंत ते डोंगरांच्या बाहेर थांबून राहिले. मग लोकांत बसून भाषा शिकले, तिला लिपी दिली, आणि १८९८ मध्ये लूक, योहान आणि प्रेषितांची कृत्ये ही पुस्तकं छापून हाती आली. संपूर्ण बायबल यायला १९५९ उजाडलं. आपल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी वर्षानुवर्षं घालवली, १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत. या कामाला असा वेळ लागतो. रात्रीच्या होडीने ते होत नाही.

कुणी म्हणेल, मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातली ‘जाऊन सर्व राष्ट्रांना शिष्य करा’ ही आज्ञा काय झाली? आज्ञा आहेच. पण लूकच्या दहाव्या अध्यायात हाच प्रभू शिष्यांना सांगतो की ज्या गावात तुमचं स्वागत होणार नाही तिथून पायाची धूळ झाडून निघा. बिथुनियात जायला निघालेल्या पौलाला आत्म्याने अडवलं, आणि पौल थांबला. सेंटिनेली लोकांनी २००४ च्या त्सुनामीनंतर विचारपूस करायला आलेल्या हेलिकॉप्टरवरही बाण रोखला. नाही म्हणण्याची याहून स्पष्ट रीत कोणती?

आणि ‘ते न ऐकताच नाश पावतील’ असं म्हणणाऱ्यांना आमचं सरळ उत्तर आहे: देव तुमच्या होडीवर अवलंबून नाही. ज्याने त्यांना त्या बेटावर घडवलं, हजारो वर्षं राखलं, त्याला त्यांची काळजी आहे. आपल्या श्वासातून गेलेला साधा फ्लू त्या मोजक्या माणसांना पुरून उरेल. ज्यांना जीवन सांगायला गेलो त्यांना मरण देऊन येणं, याचा हिशोब कोणत्या सिंहासनापुढे देणार?

काम करायचंच असेल तर जवळ आहे. आपल्याच राज्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर घरात भिली-पावरी चालते, शाळेत मराठी. अक्षर न ओळखणाऱ्या म्हातारीला छापील पोथी देऊन निघून येण्याऐवजी तिच्या शेजारी बसा, तिची बोली शिका, आणि तिने मागितलंच तर तिच्या नातवाच्या आवाजात शास्त्र रेकॉर्ड करून द्या. नाही मागितलं, तर चहा घ्या आणि परत या. आमिष नको, धान्याच्या पोत्यावर बायबल नको.

म्हणून आमची प्रत्येक मंडळीला विनंती आहे. पुढच्या मिशन रविवारी ‘दुर्गम आदिवासींसाठी’ म्हणून अर्पणाची थैली फिरेल तेव्हा पाळकांना आणि पंचांना उभं राहून तीन गोष्टी विचारा: तिथली भाषा आपल्यातल्या कुणाला येते, सरकारची लेखी परवानगी आहे का, आणि त्या लोकांपैकी कुणी आपल्याला बोलावलं आहे. उत्तरं मंडळीच्या वहीत लिहून घ्या. तीनही मिळेपर्यंत थैलीत एक रुपयाही टाकू नका.