विश्लेषण : मॅगझिन निघाले, पण पिस्तूल रिकामे झाले का?

नवी दिल्ली : पिस्तूल साफ करताना चुकून गोळी सुटली आणि पोलीस कर्मचारी जखमी झाला, अशा आशयाची बातमी वाचकांच्या परिचयाची आहे. चौकशीत बहुधा निष्काळजीपणाचा ठपका ठेवला जातो आणि प्रकरण मिटते. परंतु अशा अपघातांच्या मुळाशी अनेकदा एक साधा गैरसमज असतो. मॅगझिन, म्हणजे मुठीतील काडतुसांची पेटी, काढली की पिस्तूल रिकामे झाले, असे हाताळणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात नळीच्या मागील चेंबरमध्ये आधीच चढलेले काडतूस तसेच राहते. हा गैरसमज पोसण्यात वा रोखण्यात पिस्तुलाच्या रचनेचा वाटा किती, हा प्रश्न भारतीय दलांत नवी पिस्तुले येत असताना विचारात घेण्याजोगा आहे.

मॅगझिन धरून ठेवणारी यंत्रणा दिसायला क्षुल्लक असते. स्प्रिंगच्या दाबाखालील एका खटक्याचा दात मॅगझिनच्या खाचेत अडकतो. कळ दाबली की दात खाचेतून सरकतो आणि मॅगझिन खाली येते. ही कळ कोठे असावी, यावर शस्त्रनिर्मात्यांत शतकभर मतभेद राहिले.

चापाच्या मागे, अंगठ्याच्या टप्प्यात कळ ठेवण्याची पद्धत जर्मनीच्या ल्युगर पिस्तुलात आणि अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेल्या, जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी रचलेल्या पिस्तुलात दिसते. तिचा लाभ वेगाचा. मूठ न सोडता रिकामे मॅगझिन खाली पाडता येते आणि दुसरा हात नवे मॅगझिन घेण्यास मोकळा राहतो. दुसऱ्या पद्धतीत खटका मुठीच्या तळाशी असतो. तो मागे ओढायला दुसरा हात लागतो. वेळ अधिक जातो, पण म्यानात किंवा झटापटीत कळ चुकून दाबली जाऊन मॅगझिन गळून पडण्याचा धोका राहत नाही. उल्लेखनीय बाब अशी की, जर्मनीने ल्युगरनंतर १९३८ मध्ये स्वीकारलेल्या वाल्थर पी-३८ मध्ये आणि सोव्हिएत संघाने तोकारेव्हनंतर आणलेल्या माकारोव्हमध्ये अंगठ्याची कळ सोडून तळाचा खटका पसंत केला. म्हणजे आधुनिकतेची वाट नेहमी वेगाकडेच गेली, असे नाही.

अखेर वेगाचीच सरशी झाली. इटलीच्या बेरेटा ९२ पिस्तुलात आरंभी ही कळ मुठीच्या खालच्या भागात होती. नंतरच्या एका आवृत्तीत ती चापामागे आली आणि त्याच मालिकेतील पिस्तूल १९८५ मध्ये अमेरिकी सैन्याने एम-९ या नावाने स्वीकारले. अलीकडच्या पिढीत कळ डाव्या वा उजव्या बाजूस बसवण्याची सोय आली. ग्लॉकच्या २०१० मधील चौथ्या पिढीत ती आहे, तसेच अमेरिकी सैन्याने २०१७ मध्ये निवडलेल्या सिग साउअरच्या पिस्तुलातही आहे. डावखुऱ्या जवानांसाठी ही सोय महत्त्वाची आहे. कळ किती दूर आहे, यावर लहान पंजाच्या व्यक्तीला पकड न बदलता ती दाबता येते की नाही, हे ठरते. महिला पोलिसांची भरती वाढवू पाहणाऱ्या देशात हा मुद्दा गौण मानता येणार नाही.

कळ दाबल्यानंतर काय होते, हा प्रश्न मात्र याहून गंभीर आहे. ब्राउनिंग यांचे १९२६ मध्ये निधन झाल्यानंतर बेल्जियमच्या एफएन कंपनीत दियुदोने सेव्ह यांनी पूर्ण केलेले आणि १९३५ मध्ये बाजारात आलेले हाय-पॉवर पिस्तूल येथे मार्गदर्शक ठरते. फ्रेंच सैन्याच्या अपेक्षांना अनुसरून त्यात एक जोड यंत्रणा बसवण्यात आली. मॅगझिन बाहेर असेल, तर चाप आणि घोडा यांचा संबंध तुटतो आणि चेंबरमध्ये काडतूस असूनही गोळी सुटत नाही. वरकरणी ही आदर्श सुरक्षा वाटते. तिची किंमतही आहे. या यंत्रणेच्या घर्षणामुळे चाप जड होतो आणि मॅगझिन सहज खाली पडत नाही. शस्त्र रिकामे केल्यावर घोडा उतरवायचा, तर रिकामे मॅगझिन पुन्हा आत घालून चाप ओढावा लागतो. ते मॅगझिन खरोखर रिकामे आहे ना, हे पाहण्यात चूक झाली की सुरक्षेची यंत्रणाच धोक्याचे निमित्त होते. चकमकीत मॅगझिन हरवले, तर चेंबरमधील अखेरची गोळीही झाडता येत नाही.

भारताचा या रचनेशी निकटचा संबंध आहे. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात तयार होणारे ९ मि.मी. पिस्तूल १-ए हे हाय-पॉवरच्याच घराण्यातील असून, सैन्यात व पोलिसांत त्याचा दीर्घकाळ वापर होत आला आहे. ब्रिटनने २०१३ पासून ब्राउनिंगच्या जागी ग्लॉक १७ आणले. कॅनडानेही दुसऱ्या महायुद्धातील आपली हाय-पॉवर पिस्तुले सिग साउअरने बदलण्याचा निर्णय घेतला. खुद्द एफएनने २०२२ मध्ये हाय-पॉवरची नवी आवृत्ती आणताना मॅगझिनची ही जोड सुरक्षा वगळली.

भारतात जुने पूर्णपणे गेलेले नाही आणि नवेही आले आहे. विशेष पथकांत आणि काही राज्यांच्या पोलिसांत ग्लॉक वापरले जाते. ग्लॉकमध्ये मॅगझिन काढल्यानंतरही चेंबरमधील काडतूस झाडले जाते. एवढेच नव्हे, तर साफसफाईसाठी ते सुटे करण्यापूर्वी चाप ओढावाच लागतो. परिणामी एकाच हत्यारखान्यात परस्परविरुद्ध तर्काची दोन शस्त्रे शेजारी असू शकतात. मॅगझिन बाहेर असताना चाप ओढला तरी काही होत नाही, असा अनुभव ज्या हाताला वर्षानुवर्षे आला, त्याच हातात काही दिवसांच्या ओळखीनंतर दुसरे शस्त्र दिले जाते. अशा वेळी जुनी सवय हाच सर्वांत मोठा धोका असतो. त्यानंतरच्या अपघाताला केवळ व्यक्तीचा निष्काळजीपणा म्हणणे अपुरे आहे.

अमेरिकेत या प्रश्नाला कायद्याने हात घातला गेला. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९१ मध्ये असा अंदाज मांडला होता की, मुलांना चाप ओढता येऊ नये अशी सोय आणि चेंबर भरलेले असल्याचे दर्शवणारी खूण या दोन उपायांनी बंदुकीच्या अपघाती मृत्यूंपैकी सुमारे ३१ टक्के टळू शकले असते. कॅलिफोर्नियाने २००७ पासून विक्रीच्या मान्य यादीत नव्याने येणाऱ्या पिस्तुलांसाठी चेंबरची खूण आणि मॅगझिनची जोड सुरक्षा या दोन्ही गोष्टी अनिवार्य केल्या. त्या अटी शस्त्र बाळगण्याच्या घटनात्मक हक्कावर गदा आणतात, असा आक्षेप घेत प्रकरण न्यायालयात गेले. नागरिकाच्या घरातील शस्त्र आणि पोलिसाच्या कमरेचे शस्त्र यांच्या गरजा एक नाहीत, हा या वादातून निघणारा बोध आहे. घरात मुलाच्या हाती लागण्याची भीती मोठी, तर कर्तव्यावर शस्त्र ऐनवेळी न चालण्याची.

भारतात शस्त्र नियम २०१६ नुसार परवानाधारकासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. सरकारी दलांना मात्र एका रचनेतून दुसरीकडे जाण्याचा प्रश्न अधिक भेडसावतो. त्यावर तीन उपाय आवाक्यातले आहेत. खरेदीच्या तांत्रिक अटींमध्ये मॅगझिनची जोड सुरक्षा असावी की नसावी, हे कारणांसह स्पष्ट नमूद करावे. एका पोलीस ठाण्यात शक्यतो एकाच रचनेची पिस्तुले द्यावीत. शस्त्र बदलताना जुनी सवय मोडण्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण ठेवावे. प्रथम मॅगझिन काढणे, मग स्लाइड मागे ओढून काडतूस बाहेर टाकणे, त्यानंतर चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासणे, हा क्रम कोणत्याही पिस्तुलाला लागू पडतो. क्रम उलटला आणि स्लाइड आधी ओढली, तर भरलेले मॅगझिन चेंबरमध्ये पुढचे काडतूस चढवते.

पुण्यातील संशोधन संस्थेपासून ईशापूरच्या कारखान्यापर्यंत स्वदेशी शस्त्रांची आखणी होत असताना कळीच्या जागेसारखा तपशील दुय्यम वाटू शकतो. नळीचे पोलाद किंवा गोळीचा वेग यांची जितकी चर्चा होते, तितकी खटक्याची होत नाही. परंतु बहुतेक पोलिसांची पिस्तुले सेवेच्या काळात गोळी झाडण्यापेक्षा भरली आणि रिकामी केलीच अधिक वेळा जातात. रोज घडणाऱ्या त्या साध्या कृतीत शस्त्र आपल्या वापरकर्त्याला काय समजू देते, याचा विचार खरेदीच्या टेबलावरच व्हायला हवा.