विश्लेषण : सुगरणीसारखे छोटे पक्षी पंखांतली पिसं बदलतात कशी? बांधावरच्या झुडपांशी त्याचा काय संबंध?

पक्ष्यांची संख्या घटतेय, हे 2023च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालानं दाखवलं. दीर्घकालीन कल तपासता आलेल्या 338 प्रजातींपैकी 60 टक्के कमी झाल्या आहेत. त्यानंतर चर्चा होते ती घरटी वाचवण्याची. पण पिल्लं उडून गेल्यावर पक्ष्यांचा आणखी एक नाजूक काळ सुरू होतो: पिसं बदलण्याचा.

पिसं का बदलावी लागतात?

पूर्ण वाढलेलं पीस निर्जीव असतं. नखासारखं ते मुळातून वाढत राहत नाही. ऊन, धूळ आणि घासण्यानं ते झिजतं. म्हणून बहुतेक छोटे पक्षी वर्षातून एकदा सगळी पिसं बदलतात.

मग उडणं बंद पडतं का?

नाही. बदकांची उड्डाणाची पिसं एकदमच गळतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. छोट्या पक्ष्यांना हे परवडत नाही. पंखाच्या टोकाकडच्या नऊ-दहा मोठ्या पिसांपैकी सर्वांत आतलं आधी गळतं, मग क्रमानं बाहेरची. दोन्ही पंखांत हे जवळपास एकाच वेळी होतं, त्यामुळे तोल टिकतो. उडण्याची चपळाई मात्र कमी होते.

निमोण्याच्या शिवारात काय घडतं?

शिरूर तालुक्यातल्या निमोणेसारख्या कमी पावसाच्या भागात सुगरण पावसाळ्यात वीण करते. त्यानंतर नराचा पिवळा रंग जातो आणि पंखही नवे होतात. हिवाळ्यात महाराष्ट्रात येणारा ब्लिथचा बोरू वटवट्या तर हजारो किलोमीटर उडून आल्यावर भारतातच पंखांची पिसं बदलतो.

धोका कुठे आहे?

पीस मुख्यतः प्रथिनांचं असतं. या काळात किडे-दाणे कमी पडले, तर पीस कमकुवत येतं आणि पक्ष्याला सहसा पुढच्या वर्षापर्यंत त्यावरच भागवावं लागतं. बांध पेटवले, झुडपं काढली, भरमसाट कीटकनाशक फवारलं, की खाणं आणि लपण्याची जागा दोन्ही जातात.

आपण काय करायचं?

दोन्ही पंखांत सारखीच फट दिसते आणि पक्षी उडतोय? मग तो जखमी नाही. व्हिडिओसाठी त्याच्या मागे धावू नका, पकडू नका. पंख कापून पिंजऱ्यात ठेवलेल्या मुनियांचं कापलेलं पीसही ते गळून नवं येईपर्यंत वाढत नाही. असे वन्य पक्षी पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.