सीनकाठची वाट

पॅरिस नगरीत सीनच्या उजव्या तीराला लागून १९६७ साली जो द्रुतगती मोटारमार्ग सुरू झाला, त्याचा सुमारे सव्वातीन किलोमीटरांचा भाग २०१६ साली मोटारींना बंद करून तेथील नगरपालिकेने पादचारी व सायकलस्वार यांच्या हवाली केला, तेव्हा वरच्या रस्त्यांवर कोंडी वाढेल ही विरोधकांची फिर्याद सर्वस्वी निराधार नव्हती. २०१८ च्या फेब्रुवारीत प्रशासकीय न्यायालयाने, परिणामांचा अहवाल सदोष म्हणून, तो हुकूम रद्दबातल ठरविला. परंतु महापौर आन इदाल्गो यांनी पुढच्याच महिन्यात नवा हुकूम जारी करून त्याचा आधार १९९१ पासून जागतिक वारशात गणल्या गेलेल्या या तीरांच्या रक्षणावर ठेवला (ही वकिली चतुराईच, आणि ती आम्हांस मनापासून आवडली), व तो मात्र टिकला.

तरीही मोटारी गेल्या म्हणजे तंटा संपला असे नव्हे. कारण रमतगमत चालणारे वृद्ध आणि कचेरी गाठण्यास निघालेला सायकलस्वार यांची गती एक नाही, आणि अरुंद जागी पहिला मान चालणाऱ्याचाच, असे आमचे स्पष्ट मत आहे. नदीकाठच्या वाटेला आपल्याकडे आणखी एक अडचण आहे: पुण्यात खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला की मुठा नदीच्या पात्रातील रस्ता पाण्याखाली जातो. तेथे सायकलमार्ग आखणाऱ्यांनी पावसाळ्यापुरती पर्यायी वाट नकाशात आधीच दाखविली पाहिजे.