गाडीची तहान

एप्रिल २०१६. लातूरला आपाच्या मुलीचं लग्न, म्हणून आम्ही नांदेडहून अब्बांच्या जुन्या पेट्रोल अॅम्बॅसिडरमधून निघालो. लोहा मागे पडलं, अहमदपूर यायचं होतं, तेवढ्यात काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. त्याच आठवड्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली होती: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांवर भांडणं होतील म्हणून लातुरात जमावबंदी लावावी लागली होती. अशा दिवसांत आम्ही रस्त्याकडेच्या एका घरी पाणी मागायला गेलो, तेही गाडीसाठी.

त्या बाईंनी झाकलेल्या घागरीतून दोन तांबे काढून दिले. "घ्या की, गाडीला बी तहान लागतीच," म्हणाल्या. अम्मीला ते पाणी घेताना इतकी लाज वाटली की लग्नाच्या मांडवातही ती तेच बोलत होती.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, एवढं अब्बांनी आम्हाला लहानपणीच शिकवलं होतं. आत दाबाखाली असलेलं पाणी तोंडावर उसळतं. अर्धा-पाऊण तास थांबलो, मग इंजिन चालू ठेवून थोडंथोडं ओतलं. रिकाम्या तापल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर हेडला तडा जातो. तसंच थांबत-थांबत लातूर गाठलं आणि तसेच परत आलो.

नांदेडात एका गॅरेजवाल्याने इंजिनच उतरवावं लागेल म्हणून सांगितलं. अब्बांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन पुढून वाकून पाहिलं. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून ठिबकतं. ते छिद्र त्यासाठीच ठेवलेलं असतं. पंखा धरून हलवला तर चांगला डुलत होता, म्हणजे बेअरिंगही गेलं होतं. बाजारातून नवा पंप, गास्केट आणि पट्टा आणला.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर अंगणात काम सुरू केलं. आधी बॅटरीची वायर सोडली. रेडिएटरचं पाणी परातीत काढलं (त्यात कूलंट नव्हतं, असतं तर परात शेळीपासून लांब ठेवावी लागली असती, कारण ते चवीला गोड आणि विषारी असतं). पाइप सोडून रेडिएटर उचलून बाजूला ठेवला. डायनमो ढिला करून पट्टा काढला, मग पंखा, मग पंपाचे बोल्ट. एक बोल्ट गंजून बसला होता. त्याच्यावर जोर न करता रॉकेल सोडून अम्मीचा चहा होईपर्यंत थांबलो. तो तुटला असता तर गॅरेजवाल्याचंच खरं झालं असतं.

पंप हातात आल्यावर धाकट्यानं तो उलटा केला. आतल्या चक्राची पाती गंजून कुरतडल्यासारखी झाली होती आणि भोवती पांढरट थर. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्याचा तो हिशेब होता. ज्या पाण्यानं आमच्या पातेल्यांना खार धरतो, तेच आम्ही इंजिनाला पाजत होतो.

सगळ्यात वेळ खाल्ला जुनं गास्केट खरवडण्यानं. धातूवर ओरखडा पडला की गळती पुन्हा होते, म्हणून बोथट पातं. नवं गास्केट बसवून बोल्ट समोरासमोरचे असे आलटूनपालटून आवळले. पट्टा अंगठ्यानं दाबला की अर्धा इंच जावा, एवढा ताण. शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरलं, झाकण काढून ठेवून इंजिन सुरू केलं आणि हवा निघून पातळी उतरली तशी पुन्हा भर घातली. मगरीबच्या अजानपर्यंत खाली एक थेंब नव्हता.

हे पाहून नवी गाडी असलेल्यांनी मात्र पाने घेऊन बसू नये. बऱ्याच नव्या इंजिनांत पंप टायमिंग बेल्टच्या मागे असतो, आणि तो बेल्ट दोन दात जरी चुकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. तिथं जाणकार माणूसच हवा.

पुढच्या रविवारी अम्मीनं नांदेडच्या नळाच्या पाण्याचे दोन मोठे कॅन डिकीत ठेवायला लावले आणि आम्हाला अहमदपूरच्या रस्त्याला घेऊन गेली. त्या बाईंनी कॅन घागरींत रिते केले, धुऊन परत दिले आणि आधी वाकून गाडीखाली पाहिलं.