अर्जातील शाळेचे नाव

गेल्या मे महिन्यात आमचा एक माजी विद्यार्थी बायोडाटा तपासून घेण्यासाठी घरी आला. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. तेथील हॉटेले, औषधांचे कारखाने आणि आता मोपाचा विमानतळ यांकडे आपल्या मुलांचे डोळे लागलेले असतात. अर्ज नीटनेटका होता. मात्र शिक्षणाच्या रकान्यात आपल्या शाळेचे नाव नव्हते. ‘माध्यमिक शिक्षण, सिंधुदुर्ग’ एवढेच. आम्ही कारण विचारले. “सर, नाव वाचल्यार कागद बाजूक ठेवतत,” तो म्हणाला.

ही भीती खोटी आहे, असे आम्हांस म्हणवेना. मिलिंद महाविद्यालयात शिकलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पात्रता सारखीच असताना, दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे ०.६७ पट आणि मुस्लिम नावाला ०.३३ पट आढळली. १९१७ साली कोलंबियाहून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी नाव घेऊन सरायीत उतरावे लागले आणि ते उघड होताच बाहेर पडावे लागले, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. तेव्हा या मुलाला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

तरीही शाळेचे नाव खोडू नये, असे आमचे मत आहे. मुलाखतीत शाळा विचारली की लपवालपवी सुरू होते. शिवाय नावाबरोबर कामही खोडले जाते. याच मुलाने वसतिगृहाच्या भोजनगृहाचा धान्यसाठा आणि हिशेब दोन वर्षे सांभाळला होता. हॉटेलला नेमका असाच माणूस हवा असतो. अर्जात मात्र ‘मेहनती, प्रामाणिक, होतकरू’ ही विशेषणे तेवढी होती! मराठी, मालवणी, कोकणी, हिंदी या चार भाषा येतात, हेही त्याने लिहिले नव्हते.

खोडायचेच असेल तर जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय हे रकाने खोडावेत. सायबर कॅफेतील नमुना बहुधा लग्नाच्या बायोडाटावरून उतरवलेला असतो. सरकारी अर्जात प्रवर्ग विचारतात, तेथे तो दाखल्यासह अवश्य भरावा. खाजगी मालकाला त्याची गरज नाही.

आम्ही दोघांनी बसून एका पानाचा नवा अर्ज तयार केला. वर शाळेचे पूर्ण नाव, खाली संदर्भासाठी आमचे. तो तीन ठिकाणी गेला. दोन ठिकाणांहून अद्याप उत्तर नाही. एका ठिकाणी मुलाखत झाली आणि तेथे धान्यसाठ्याबद्दलच विचारले गेले.